घरबसल्या डिकनपदाची तयारी: या चुका टाळा

नेरुळहून किंवा घोडबंदर रोडवरून संध्याकाळच्या वर्गासाठी वांद्रे-गोरेगाव गाठायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ प्रवासातच जाते. नोकरी आणि संसार सांभाळून स्थायी डिकन (बिशप आणि धर्मगुरूंना मदत करणारा, पुढे धर्मगुरू न होता डिकनच राहणारा दीक्षित सेवक) होऊ पाहणाऱ्यांना म्हणूनच ऑनलाइन वर्गांचा मोठा आधार आहे. पण वाचतो तो प्रवास. अभ्यासाचे तास कमी होत नाहीत आणि वेदीजवळचं काम पडद्यावर शिकता येत नाही. खालचं सगळं कॅथलिक ख्रिस्तसभेबद्दल आहे. इतर मंडळ्यांमध्ये डिकनचं काम आणि नियम वेगळे असतात, ते आपल्या पाळकांना विचारून घ्या.

आधी कोर्स, मग फादर

हा क्रम उलटा हवा. नेटवर ईशज्ञानाचे पुष्कळ कोर्स आहेत, काही परदेशी विद्यापीठांचेही. फी भरून प्रमाणपत्र मिळवलं की दीक्षेचा मार्ग मोकळा झाला असं समजू नका. उमेदवार स्वीकारायचा की नाही हे बिशप ठरवतात आणि त्याची सुरुवात पॅरिशच्या, म्हणजे आपल्या स्थानिक चर्चच्या, धर्मगुरूंच्या शिफारशीने होते. पैसे भरण्याआधी धर्मप्रांताच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या भागाच्या) डिकन-प्रशिक्षणाच्या संचालकांना एकच प्रश्न लेखी विचारा: या कोर्सचे तास तुम्ही धरणार का, आणि किती? उत्तरही लेखीच घ्या.

वयाची अट इथेच तपासा. कॅनन कायद्यानुसार (कॅथलिक ख्रिस्तसभेचा कायदा, कॅनन लॉ) अविवाहिताला स्थायी डिकन होण्यासाठी किमान २५ वर्षं पूर्ण हवीत, विवाहिताला ३५.

“रोज तासभर बसेन”

स्थायी डिकनांच्या घडणीचे मूलभूत नियम व्हॅटिकनने १९९८ साली काढले. त्यांत तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी व्याख्यानं आणि चर्चासत्रं मिळून किमान १००० तास सांगितले आहेत. म्हणजे वर्षाला सुमारे ३३३. नाताळ, पवित्र सप्ताह, मुलांच्या परीक्षा, गावची लग्नं वगळून ४५ आठवडे हाती येतात असं धरलं, तर आठवड्याला जवळपास साडेसात तास नुसते वर्गाचे झाले. वाचन आणि निबंध त्याहून वेगळे.

हे रोजच्या एका तासात बसत नाही. मंगळवार आणि गुरुवारी रात्री ८ ते १०, शनिवारी दुपारी साडेतीन तास, अशी जागा आधीच राखून ठेवा. वाचनासाठी रोजचा पाऊण तास पहाटेचा बरा. ऐरोली-महापेच्या कंपन्यांत पाळ्या बदलत असतील तर महिन्याचा रोस्टर हाती आल्या दिवशीच समन्वयकांना कळवा. रेकॉर्डिंग पाहून दोन पानी सारांश दिला तर हजेरी धरतात का, तेही सत्राच्या सुरुवातीलाच विचारा. परीक्षेच्या आठवड्यात विचारून उपयोग नाही.

वर्ग बुडून साचले तर? दोन असतील तर रविवारी दुपारी भरून काढा. चारच्या पुढे गेले की दुप्पट वेगाने रेकॉर्डिंग उरकायचा मोह होतो. तसं पाहिलेलं कॅनन लॉ किंवा संस्कारशास्त्र डोक्यात राहत नाही आणि तोंडी परीक्षेत ते लगेच उघडं पडतं. त्यापेक्षा एक विषय पुढच्या सत्रात ढकलायची परवानगी मागा. त्यात कमीपणा काही नाही.

अभ्यासाचं साहित्य बहुतांशी इंग्रजीत असतं, प्रवचन मात्र मराठी मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) द्यायचं असतं. प्रत्येक वर्गाचा गाभा त्याच रात्री पाच मराठी वाक्यांत लिहून काढा. ‘कृपा’, ‘करार’, ‘पुनरुत्थान’ हे शब्द आपल्या वाक्यात बसले नाहीत तर विषय समजलेला नाही, हे तिथेच कळतं.

पावसाळ्यात वीज गेली की वायफायही जातं. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. त्याची पिन आणि व्होल्टेज राउटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेल्या आकड्याशी जुळवून पाहा, बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात. मोबाइल डेटावर वर्ग करायची वेळ आली तर आपला कॅमेरा बंद ठेवा.

पडद्यावर पाहून विधी शिकणं

डिकनची स्टोल (विधीच्या वेळी घालायची कापडाची लांब पट्टी) डाव्या खांद्यावरून छातीवर तिरकी येऊन उजव्या कुशीला बांधली जाते. समोर तोंड करून उभ्या शिक्षकाकडे पाहून हात हलवले की डावं-उजवं उलटं होतं, आणि स्वतःचं चित्र बहुतेक ॲपमध्ये आरशासारखं दिसत असल्याने चूक डोळ्यांना खटकतही नाही. महिनाभर उलट्या खांद्यावर केलेली सवय मोडायला त्रास होतो. पहिल्या दिवशीच घरच्या कुणाला तरी मागे उभं करून खात्री करून घ्या.

बाकी विधींना चर्चच हवं. शुभवर्तमानाआधी धर्मगुरूंचा आशीर्वाद मागणं, अंगठ्याने ग्रंथावर आणि मग कपाळ, ओठ, छातीवर क्रूसाची खूण करणं, चषकात द्राक्षरस आणि थोडं पाणी ओतणं, स्तुतीच्या वेळी धर्मगुरू थाळी उचलतात तेव्हा चषक उचलून आमेनपर्यंत तो स्थिर धरणं. हे हातात बसायला हवं. मिस्सा संपल्यावर फादरांच्या परवानगीने रिकाम्या चषकावर सराव करा. वाचनाचा सरावही रिकाम्या चर्चमध्येच करा, कारण हेडफोनवर छान वाटलेला वेग दगडी भिंतींच्या घुमण्यात एकमेकांत मिसळतो. मागच्या बाकावर कुणाला तरी बसवा आणि शेवटचे शब्द ऐकू येतात का ते विचारा.

आणखी एक गोंधळ मुळातच मिटवा. डिकन बाप्तिस्मा देतो, विवाहाचा साक्षी होतो, अंत्यविधी चालवतो, प्रवचन देतो. मिस्सा अर्पण करणं, पापनिवेदन ऐकणं, आजाऱ्यांना तैलाभ्यंगाचा संस्कार देणं ही त्याची कामं नाहीत.

सेवेची नोंद न ठेवणं

हॉस्पिटलमधल्या भेटी, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटीसोबत घरोघरी जाणं, एकट्या राहणाऱ्या वृद्धांना कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) नेणं (त्यासाठी नेमणूक झालेली हवी), हे ऑनलाइन होत नाही आणि प्रशिक्षणाचा हा निम्मा जीव आहे. एका वहीत तारीख, वेळ, काम आणि फादरांची सही ठेवा. आजाऱ्याचं नाव किंवा दुखणं मात्र त्यात लिहू नका.

पत्नीला शेवटी सांगणं

विवाहित उमेदवाराला पत्नीच्या संमतीशिवाय दीक्षा मिळत नाही. पण गोष्ट सहीपुरती नाही. दीक्षेनंतर पत्नी वारली तर डिकनला पुन्हा लग्न करता येत नाही. हे दोघांनी मिळून, सुरुवातीलाच, शांतपणे बोलायचं आहे. जोडीदारांसाठी ठेवलेल्या सत्रांना ती तुमच्या शेजारी बसलेली असावी, स्वयंपाकघरातून ऐकत नव्हे.

कागदपत्रं आणि रजा

लॅमिनेट केलेला जुना बाप्तिस्म्याचा दाखला चालेल असं धरू नका. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये पुढे दृढीकरण आणि विवाहाच्या नोंदी होतात, त्यामुळे त्या नोंदींसह नव्याने काढलेला दाखला लागतो. बाप्तिस्मा गोव्याला, केरळला किंवा वसईला झाला असेल तर वर्षभर आधी पत्र टाका. नावाचं स्पेलिंग विवाहाच्या दाखल्याशी जुळवून पाहा.

वाचक आणि वेदीसेवक या सेवा आधी मिळालेल्या हव्यात, आणि वेदीसेवक ते डिकन यांत किमान सहा महिन्यांचं अंतर लागतं. वेदीसेवेची तारीख हुकली की दीक्षेचीही पुढे जाते. दीक्षेआधी किमान पाच दिवसांची तपसाधना (रिट्रीट) असते. तिची तारीख कळताच ऑफिसात रजेचा अर्ज टाका, आणि त्या दिवसांत कामाचा फोन कोण घेणार तेही त्याच अर्जात लिहा.