मिनिएचर रंगवताना या चुका टाळा

"ताई, रंग कुठे चुकला?" टेबलटॉप वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर सेना मांडून खेळायच्या लढायांच्या नादाला नुकतीच लागलेली मुलं पहिली पाचसहा मिनिएचर, म्हणजे हाताने रंगवलेले छोटे सैनिक, डब्यात घालून आणतात आणि हाच प्रश्न विचारतात. बहुतेक वेळा रंग चुकलेला नसतोच. चूक त्याच्या खाली असते. साच्याची रेघ खरवडलेली नसते, रेझिन (ओतून किंवा प्रिंट करून कडक केलेलं प्लॅस्टिक) धुतलेलं नसतं, नाहीतर भर जुलैत गच्चीवर जाऊन स्प्रे मारलेला असतो. मग त्यावर कितीही महागडा रंग चढवा, काम बिघडलेलंच राहतं. तेच तेच बघून आता कंटाळा आला आहे, म्हणून हे सगळं एकदाच सविस्तर लिहिते.

खरवडणं आणि धुणं

साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मिनिएचरवर एक बारीक रेघ राहते. कोऱ्या करड्या प्लॅस्टिकवर ती नजरेला दिसत नाही. वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) दिला किंवा ड्रायब्रश (उंचवट्यांवर जेमतेम रंग ठेवणारा, जवळजवळ कोरडा ब्रश) फिरवला की सगळ्यात आधी तीच उठून दिसते, आणि नेमकी हेल्मेटच्या मधोमध किंवा मांडीवरून गेलेली असते. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, नखाने चाचपा. नख अडकलं की कटरच्या पात्याची पाठ तिरकी धरून हलकेच ओढा. धार नाही, पाठ. धारेने प्लॅस्टिक कापलं जातं आणि खाच पडते.

रेझिनचं मिनिएचर असेल तर साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेलकट रसायन त्यावर असतं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. पाच मिनिटांचं काम आहे, तरी लोक ते टाळतात आणि महिन्याभराने रंगाचे पापुद्रे निघाले की रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात.

चिकटवण्याबद्दल थोडक्यात सांगते. वॉरहॅमर या लोकप्रिय वॉरगेमची बहुतेक मिनिएचर कडक पॉलिस्टायरीनची असतात. त्यांना प्लॅस्टिक सिमेंट वापरा. ते दोन्ही पृष्ठभाग जरासे विरघळवून एकजीव करतं. धातू आणि रेझिनवर ते काहीच करत नाही, तिथे फेव्हिक्विकसारखा सुपरग्लू लागतो. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यामुळे आवळतो, म्हणून पावसाळ्यात उघडी ट्यूब दोन दिवसांत दगड होते. झाकण घट्ट लावून सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. सांध्यात फट राहिली तर हार्डवेअरच्या दुकानातलं एम-सील भरा.

घरी रेझिन प्रिंटर घेतला असेल तर नायट्राइलच्या हातमोज्यांशिवाय ओल्या रेझिनला हात लावू नका. त्याची ॲलर्जी एकदा बसली की सहसा जात नाही. प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवा, यूव्ही (अतिनील) प्रकाशाखाली पूर्ण पक्की होऊ द्या आणि घासायची असेल तर ओली करून, मास्क लावून घासा. यात मला कुठलाही शॉर्टकट मान्य नाही.

पावसाळ्यातला स्प्रे

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच.

ठाण्यातला एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी. कॉलेज सांभाळून सहा-सात महिने रात्री जागून त्याने अख्खी ऑर्क (काल्पनिक हिरव्या राक्षसांची) सेना रंगवली होती. चामड्याच्या पट्ट्यांवर शिवण, कुऱ्हाडींच्या पात्यांवर गंजाचे डाग, असं मन लावून केलेलं काम. रविवारी सामना होता. शनिवारी संध्याकाळी पाऊस अर्धा तास थांबला. तेवढ्यात हा सगळी सेना पुठ्ठ्यावर मांडून गच्चीवर गेला आणि मॅट (बिनचकाकीच्या) व्हार्निशचा कॅन मारून आला. दहा मिनिटांत हिरवी कातडी, काळे पट्टे, लाल चिलखतं, सगळ्यावर दुधी थर चढला. रात्री साडेनऊला तो बुटांच्या खोक्यात सेना भरून माझ्या दारात उभा होता. "ताई, पुसून निघेल ना?" एवढंच त्याला विचारता आलं.

पुसून निघत नाही. स्प्रेमधला द्रावक उडतो तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो. हवा आधीच दमट असेल तर त्या थंड थरावर पाणी धरतं आणि व्हार्निशमध्ये अडकून बसतं. त्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून तो थर पांढरा दिसतो. मॅट व्हार्निशमध्ये चकाकी घालवणारी बारीक पूड असते. कॅन नीट हलवला नसेल तर तीही गठ्ठ्याने बाहेर येते. त्या मुलाने घाईत दोन्ही गोष्टी केल्या होत्या.

आम्ही एकेका ऑर्कवर ब्रशने ग्लॉस व्हार्निशचा पातळ थर दिला. ग्लॉस त्या खरखरीत थरात शिरतो, भेगा भरतो आणि खालचा रंग पुन्हा दिसू लागतो. बऱ्याच मिनिएचरचा रंग परत आला. खोलगट जागांमध्ये, काखेत आणि पट्ट्यांखाली, पांढरं राहिलंच. तिथे नव्याने रंगवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सेना टेबलावर उभी राहिली, पण प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखी चकाकत. चकाकी घालवणारा मॅटचा थर नोव्हेंबरात दिला.

माझी सवय अशी आहे. प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) आणि व्हार्निशचं वर्षाचं स्प्रेकाम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरकून घ्यायचं. सकाळी अकराच्या पुढे, ऊन बाल्कनीत आल्यावर. टेबलावर एक छोटा आर्द्रतामापक ठेवला आहे. आकडा ६५ टक्क्यांच्या वर गेला की कॅनला हात लावत नाही. जुलैत मुंबईची हवा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे जून ते सप्टेंबर फक्त ब्रशने लावायचा प्रायमर. वेळ लागतो, लागू दे.

विदर्भातल्या किंवा पुण्यातल्या मे महिन्यात नेमकं उलटं होतं. प्रायमरचे कण मिनिएचरपर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतात आणि वाळूसारखे चिकटतात. तिथे सकाळी सातला, ऊन तापायच्या आत काम करा. कॅन २० ते ३० सेंटीमीटरवर धरा, फवारा मिनिएचरच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा आणि एका दमात सगळं झाकायला जाऊ नका.

एरोसोल कॅन विमानाने पाठवण्यावर कडक बंधनं आहेत, त्यामुळे परदेशी प्रायमर कुरियरने सहजी मिळत नाही. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातला करडा मॅट प्रायमर मी वापरते आणि समाधानी आहे. मात्र त्यातला द्रावक प्लॅस्टिकला सोसतो का, हे प्रत्येक नव्या कॅनने आधी स्प्रूच्या, म्हणजे भाग ज्यात जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीच्या, उरलेल्या तुकड्यावर बघते. ज्या तुकड्याला कुणी विचारत नाही, तो अशा वेळी सेना वाचवतो.

बाटलीतला रंग थेट मिनिएचरवर

मिनिएचर रंगवायला शिकवणाऱ्या ब्रिटिश डंकन ऱ्होड्सचे "दोन पातळ थर" हे शब्द या छंदातल्या प्रत्येकाने ऐकलेले असतात आणि तरी लोक एकच जाड थर देतात. जाड थराखाली चेहरा बुजतो, साखळीच्या कड्या भरून जातात. रंग दुधाइतका पातळ हवा, मिनिएचरवरून ओघळणार नाही इतपत. पहिल्या थरातून प्रायमर दिसणारच. घाबरून लगेच दुसरा थर देऊ नका, वाळू द्या.

आपल्याकडे यात पंख्याची भर पडते. डोक्यावर पंखा फुल स्पीडवर असला की ॲक्रिलिक पॅलेटवरच साय धरतं आणि ब्रशच्या टोकाला गोळी होते. वेट पॅलेट करा: हवाबंद डबा, त्यात भांडी घासायचा नवा स्पंज भिजवून, त्यावर बेकिंगचा कागद. बटर पेपर नावाने मिळणारे काही कागद मेणाचे असतात, त्यातून पाणी वर येत नाही. कागद पाच मिनिटं पाण्यात ठेवा. मऊ पडला तर चालेल, ताठच राहिला तर तो पोळ्यांच्या डब्यासाठी ठेवा. पावसाळ्यात पॅलेटमधलं पाणी रोज बदला, नाहीतर बुरशीचा वास सुटतो.

वॉश म्हणजे जादूचं पाणी नव्हे. सपाट जागी साचला की कडेने डाग धरतो. कोरड्या ब्रशने जादा वॉश लगेच टिपून घ्या.

धातूचे रंग वापरल्यावर पाणी बदला. नाहीतर त्या चमचमत्या कण्या पुढच्या प्रत्येक रंगात येतात.

ब्रश

बारीक डोळे रंगवायचे म्हणून नवे लोक तीन शून्यांचा ब्रश आणतात. त्याच्या पोटात रंग मावत नाही आणि आहे तो मिनिएचरपर्यंत जाईस्तोवर वाळतो. चांगल्या टोकाचा एक नंबरचा ब्रश घ्या, डोळेही त्यानेच होतात. कोलिन्स्की सेबलचा (सायबेरियातल्या एका विझलच्या केसांचा) ब्रश परवडत असेल तर उत्तमच, पण त्याने ड्रायब्रश करणं पाप आहे. ड्रायब्रशला मेकअपचा स्वस्त, गोल, मऊ ब्रश छान चालतो. रंग केसांच्या मुळापर्यंत, धातूच्या कडीत जाऊ देऊ नका आणि ब्रश पाण्याच्या ग्लासात उभा करून चहा करायला उठू नका.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कुणी "ओरिजिनल मुंगसाच्या केसांचा" ब्रश दाखवला तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे. एका ब्रशासाठी तो जीव मारला जातो. सिंथेटिक ब्रश आता पुरेसे चांगले येतात.

जुना रंग काढताना

एका ओळखीच्या मुलाने जुन्या मिनिएचरचा मोठा लॉट घेतला. निम्मी धातूची, निम्मी प्लॅस्टिकची, सगळ्यांवर जाड रंग. बहिणीचं नेलपॉलिश रिमूव्हर डब्यात ओतून त्याने सगळी रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी धातूची लख्ख निघाली. प्लॅस्टिकची डब्याच्या तळाशी एका करड्या लगद्यात वितळून गेली होती. वर दोन हेल्मेट आणि एक तलवार धरलेला हात तेवढा ओळखू येत होता. त्या लॉटमध्ये आता कुठेही न मिळणारी काही मिनिएचर होती, म्हणून जास्त हळहळ वाटली.

नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन पॉलिस्टायरीन विरघळवतं. धातूला चालतं, प्लॅस्टिकला कधीही नाही. प्लॅस्टिकसाठी मी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरते: काही तास भिजवायचं, टूथब्रशने घासायचं, राहिलं तर पुन्हा भिजवायचं. रेझिनवर आधी एखाद्या लपणाऱ्या भागावर करून बघते. इंग्लंडमधले जुने खेळाडू न मिसळलेल्या डेटॉलमध्ये मिनिएचर दिवसभर ठेवतात, तेही चालतं. फक्त बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरू नका. सुटलेला रंग पाण्याशी चिकट राड होऊन बसतो. आधी डेटॉलमध्येच घासून घ्या, मग साबणाने धुवा. हातमोजे घाला आणि खिडकी उघडी ठेवा.

जमवताना

पाच मिनिएचर पूर्ण व्हायच्या आत चाळीसची पेटी मागवू नका. कस्टम ड्युटी आणि कुरियर वाचवायचं म्हणून एकदम मोठी ऑर्डर केली, असं कारण देतात. ते पैसे वाचत नाहीत, कपाटात करड्या स्प्रूंचा ढीग होऊन पडतात आणि त्या ढिगाकडे बघून माणूस ब्रश हातात घेईनासा होतो. माझा नियम साधा आहे: घेतलेली पाच बेससकट (पायाखालच्या चकतीसकट) पूर्ण झाली की मगच पुढची पाच.

मापं जुळवून घ्या. १/७२ मधला उभा माणूस साधारण २४ मिलिमीटरचा असतो. तो २८ मिलिमीटरवाल्यांच्या शेजारी उभा केला की किशोरवयीन वाटतो, आणि वॉरहॅमरची मिनिएचर तर २८ पेक्षाही थोराड असतात. १/७२ ची बरीचशी मऊ प्लॅस्टिकची असतात. भाला वाकला की त्यावरचा रंग उडतो.

आपल्या इतिहासाची सेना करणाऱ्यांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. १८०३ ची असईची लढाई करायची आणि शिंद्यांच्या बाजूला सगळे ढाल-भालेवाले, भगव्या फेट्यातले उभे करायचे, हे चालणार नाही. महादजींच्या काळात द बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती कंपूंची (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या पलटणींची) परंपरा दौलतरावांच्या फौजेत होती. असईला त्या पायदळाचा सेनापती पोलमान हा हॅनोव्हरचा होता. बंदुका घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पलटणी आणि त्यांच्या तोफा, हा त्या फौजेचा कणा होता. त्या लढाईत इंग्रज सेनापती वेल्स्लीची किती माणसं पडली ते बघा, मग कळेल त्या तोफा टेबलावर का हव्यात. पोशाख मालिकांमधून आणि कॅलेंडरवरून उचलू नका, वाचून ठरवा.

आणि शिशाची जुनी मिनिएचर कुणाकडून मिळाली असतील तर लाकडी किंवा एमडीएफच्या बंद कपाटात ठेवू नका. लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि आतून ते पोखरत जातं. काचेच्या आणि धातूच्या कपाटात, थोडी हवा खेळेल असं ठेवा. भुकटी दिसली तर ते मिनिएचर आधी बाजूला काढा, घरात कोरडं घासू नका, मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवा.