मराठी कॅटलॉग छापायचाय? आधी अक्षरं सांभाळा

दिवाळीची प्रदर्शनं किंवा डिसेंबरातली पुण्याची भीमथडी जत्रा जवळ आली की फोन सुरू होतात. "एक छोटा कॅटलॉग करून हवाय. साधाच, पण उठावदार." मग व्हॉट्सॲपवर नमुने येतात: कडेला पैठणीचे मोर, मागे वारलीची माणसं, कोपऱ्यात समई आणि चार रंगांत व्यवसायाचं नाव. माल मात्र कुठेतरी मधे काड्यापेटीच्या आकारात.

घरगुती कलाव्यवसायांचे कॅटलॉग मी बरीच वर्षं करते आहे. खणाच्या वस्तू, चांदीचे दागिने, मातीची भांडी, लाकडी खेळणी, असं बरंच काही हाताखालून गेलंय. सजावट कमी पडली म्हणून फसलेला कॅटलॉग मी अजून पाहिलेला नाही. फसतात ते मराठी अक्षरांच्या दुर्दशेमुळे. म्हणून या लेखात बाकीच्या पायऱ्या भराभर उरकून तिथेच जास्त थांबणार आहे. उदाहरण खणाच्या पर्स, तोरणं, डायऱ्या करणाऱ्या व्यवसायाचं घेऊ. वस्तूंची यादी, मापं आणि बरे फोटो तुमच्याकडे तयार आहेत असं धरून चालते.

आकार आणि पानं

पंधरा-वीस वस्तू असतील तर ए-फोर कागदाची तीन भागांत दुमडलेली पत्रिका पुरते. जास्त असतील तर ए-फाइव्ह आकाराची, मधे पिना मारलेली पुस्तिका करा. पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच हवीत: ८, १२, १६. चौदा पानांचा मजकूर घेऊन छापखान्यात गेलात तर दोन कोरी पानं घेऊन परत याल. या पत्रिकेत २९७ मिलिमीटरचे सारखे तीन भाग करू नका. आत दुमडणारा भाग ९७ ठेवा आणि उरलेले दोन १००-१००, नाहीतर घडी फुगते. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापात जाणारी जादा छपाई) सोडा आणि मजकूर कापाच्या रेषेपासून निदान ५ मिमी आत ठेवा.

फोटो

सकाळी खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, मागे पांढरा किंवा फिका सुती कपडा ठेवून काढा आणि डिझायनरला पाठवताना व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, फोटो म्हणून नाही, कारण तिथे तो दाबून लहान केला जातो. ए-फाइव्हच्या पूर्ण पानाला ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) साधारण १७५० × २४८० पिक्सेल लागतात.

पानाची मांडणी

एका पानावर दोन वस्तू, फार तर चार. मागची जागा कोरी सोडा. खणाच्या कापडात विणीतलीच बुट्टी असते, काठ असतो, दोन-तीन भडक रंग असतात. त्याच्यामागे आणखी नक्षी घातली की डोळ्याला काय बघावं तेच कळत नाही. "जागा रिकामी दिसतेय, काहीतरी टाका ना" हे वाक्य दर कॅटलॉगला एकदा येतंच. टाकू नका. त्या जागेचे पैसे तुम्ही दिलेत ते माल उठून दिसावा म्हणून.

मजकूर

‘परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम’ हे वाक्य माझ्याकडे आलेल्या मजकुरात सापडलं की मी न विचारता उडवते. गिऱ्हाइकाला हवं असतं ते असं: खणाची पर्स, आतून सुती अस्तर, चेनचा एक कप्पा, २२ × १४ सेंमी, मोबाइल आणि चष्मा मावतो, पाण्यात धुऊ नये. संपलं. किंमत कॅटलॉगात छापू नका. तिचा वेगळा एकपानी कागद करा, कारण कापडाचा भाव वाढला तर पूर्ण कॅटलॉग रद्दी होतो.

आता अक्षरं

इथे सावकाश वाचा. मला स्वतःला हा भाग नीट कळायला फार वेळ लागला, कारण ज्याला विचारावं तो "आमच्याकडे असंच होतं" एवढंच सांगायचा.

पहिला प्रश्न डिझायनरला किंवा डीटीपी करणाऱ्याला काम देण्याआधीच विचारा: मजकूर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) लावणार की जुन्या फॉन्टमध्ये? कृतिदेव, शिवाजी आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड रुळायच्या आधीचे. त्यांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त दिसायला मराठी. तुम्ही फोनवर लिहून पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. तो अशा फॉन्टमध्ये थेट बसत नाही, म्हणून ऑपरेटर एकतर तो कन्व्हर्टरमधून काढतो किंवा सरळ पुन्हा टाइप करतो. कन्व्हर्टरमध्ये रफार आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात, आणि पुन्हा टाइप करताना तुम्ही चार वेळा तपासलेल्या मजकुरात नव्या चुका शिरतात. शिवाय तयार पीडीएफ तुम्ही गिऱ्हाइकाला पाठवलीत आणि तिने वस्तूचं नाव कॉपी करून ऑर्डरसाठी तुम्हालाच परत पाठवलं, तर येतो निव्वळ इंग्रजी अक्षरांचा काला. "आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो" म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करा आणि दुसरा माणूस शोधा. श्रीलिपीतही आता युनिकोडची सोय आहे, तेव्हा सॉफ्टवेअरला दोष देण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण युनिकोड असूनही येते. ॲडोबीच्या इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मजकूर चिकटवला की पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटी होतात, पाय मोडलेली अक्षरं दिसायला लागतात. फॉन्ट खराब आहे असं समजून लोक दहा फॉन्ट बदलून बघतात. फॉन्ट बहुतेक वेळा ठीकच असतो. परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेन्यूत ‘ॲडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. ॲडोबीच्याच इलस्ट्रेटर या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘शो इंडिक ऑप्शन्स’ सुरू करा. कंपोझरची निवड परिच्छेदागणिक लागू होते, म्हणून ती पॅराग्राफ स्टाइलमध्येच घाला, नाहीतर पान सातवर एक परिच्छेद हमखास सुटतो. यावरचा एक ‘उपाय’ मी पुष्कळ ठिकाणी पाहिलाय: वर्डमध्ये टाइप करायचं, स्क्रीनशॉट काढायचा आणि तो चित्र म्हणून पानावर चिकटवायचा. पडद्यावर ठीक दिसतं. छापल्यावर अक्षरांच्या कडा कुरतडल्यासारख्या येतात. असं करणाऱ्याला पैसे देऊ नका.

तिसरी गोष्ट ल आणि श. अनेक देवनागरी फॉन्टमध्ये या दोन अक्षरांचे मूळ आकार हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श हवा, आणि राज्य शासनाच्या २०२२च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही तेच आकार दिलेले आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही आकार आत असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ केली की योग्य ते दिसतात, ‘हिंदी’ किंवा ‘इंग्रजी’ राहिली की दिसत नाहीत. ‘कॅनव्हा’ या डिझाइनच्या संकेतस्थळासारख्या ठिकाणी भाषेची ही निवड हाताशी नसते, तेव्हा मुळातच मराठी आकारांचा फॉन्ट घ्या. ‘टिरो देवनागरी मराठी’ तसा आहे. त्याचे हिंदी आणि संस्कृत असे वेगळे भाऊही आहेत, ते चुकून उचलू नका. ‘हे कोण बघतं?’ असं म्हणणारे भेटतील. पैठणीचा काठ आणि पदर पारखून घेणारी बाई अक्षरंही बघते, तिला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही इतकंच.

चौथी, ऱ्या. ‘झालऱ्या’, ‘घागऱ्या’, ‘डायऱ्या’ यांतला र अर्धा होऊन य ला चिकटतो. साधा र टाइप केला तर रफार होतो आणि कॅटलॉगात ‘डायर्या’ छापून येतात. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ असतो, तो घ्या, मग हलंत, मग य. तसाच ॲ. जुन्या फॉन्टमध्ये हे अक्षर नसतंच, त्याच्या जागी कोरा चौकोन येतो किंवा लोक ‘अ‍ॅ’ अशी जुळवाजुळव करतात. रुपयाचं चिन्ह २०१० सालचं, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टमध्ये तेही सापडणार नाही.

हे सगळं डोक्यात ठेवत बसू नका. फॉन्ट ठरवण्याआधी ही एक ओळ त्यात लावून छापून बघा:

डायऱ्या, झालऱ्या, सूर्य, ॲप, ऑर्डर, लक्ष्मी, विठ्ठल, शृंगार, विश्वास, ज्ञान, हृदय, बाळकृष्ण, किंमत ₹ १,२३४

यातलं एकही अक्षर तुटलं तर तो फॉन्ट बाद. कितीही देखणा असो.

माझ्या फॉन्टच्या आवडी सरळ आहेत. मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी, थोडा पुस्तकी बाज हवा असेल तर टिरो. तिन्ही फुकट आहेत आणि व्यावसायिक छपाईला चालतात. मथळ्यासाठी एखादा जाड, गोलसर फॉन्ट घ्या, उदाहरणार्थ बालू. दोनच्या वर फॉन्ट नकोत. मोडीसारखं वळण दिलेले लपेटदार फॉन्ट व्यवसायाच्या नावापुरते ठेवा. त्यात धुण्याच्या सूचना लिहिल्या तर कुणी वाचत नाही आणि मग रंग गेला म्हणून तक्रार येते.

ओळींतलं अंतर इंग्रजीच्या सवयीने ठेवू नका. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार असतात. १० पॉइंटच्या अक्षराला १५-१६ पॉइंटची ओळ द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा ‘हवेशीर’ करण्याची फॅशन इंग्रजीत शोभते. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते. तिरकी अक्षरंही नकोत, भर द्यायचा असेल तर ठळक करा. आणि अरुंद रकान्यात दोन्ही कडा सारख्या करायला जाऊ नका. शब्दांमध्ये खिंडारं पडतात. डावीकडे सरळ, उजवीकडे मोकळं, एवढं पुरे.

शेवटचं, काळा रंग. मजकूर शंभर टक्के नुसत्या काळ्या शाईत हवा. छपाईच्या चार शाया (निळसर, गुलाबीसर, पिवळी, काळी) मिसळून केलेला काळा छापताना प्लेट केसभर सरकली तरी शिरोरेषेला गुलाबी-निळी सावली येते. गडद रंगावर पांढरी अक्षरं करायची असतील तर मध्यम जाडीचा फॉन्ट घ्या आणि ९ पॉइंटच्या खाली उतरू नका. बारीक काने शाईत बुडून जातात.

रंग, कागद, क्यूआर

पडद्यावरचा पोपटी आणि गर्द निळा-जांभळा चार शायांत तितका भडक येत नाही, हे आधीच स्वीकारा. एक छापील प्रूफ मागा आणि दिवसाच्या उजेडात खऱ्या पर्सशेजारी धरा. आतली पानं १३० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅट आर्ट पेपरवर, मुखपृष्ठ २५० जीएसएम आर्ट कार्डावर. मॅपलिथो या बिनचकाकीच्या साध्या कागदाचा ‘नैसर्गिक’ स्पर्श मलाही आवडतो, पण तो शाई पितो आणि फोटो मलूल दिसतात. खणासाठी तो नको.

क्यूआर कोड थेट तुमच्या व्हॉट्सॲपच्या लिंकचा करा, दोन सेंटिमीटरहून लहान नको, फिक्या पार्श्वभूमीवर गडद, भोवती पांढरी मोकळी कड. फुकट मिळणारे ‘डायनॅमिक’ कोड टाळा. ते मधल्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून जातात आणि मुदत संपली की तुमचा छापलेला कॅटलॉग मुका होतो. छापील प्रूफवरूनच दोन-तीन वेगळ्या फोननी स्कॅन करून बघा.

प्रूफ आणि छपाई

प्रूफ स्वतः वाचू नका. तुम्हाला मजकूर पाठ झालेला असतो. मराठी नीट येणाऱ्या आणि तुमचा माल न पाहिलेल्या माणसाला द्या. फोन नंबर मात्र स्वतः, त्यावर फोन लावून तपासा. छापखान्याला वर्डची किंवा उघडी (बदल करता येईल अशी) फाइल पाठवू नका, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ पाठवा. दोन-तीनशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. ऑफसेटला, म्हणजे प्लेटांवरून होणाऱ्या छपाईला, दर शाईची एक अशा चार प्लेटा आणि मशीन लावायचा खर्च आधीच पडतो, तो हजाराच्या पुढे वसूल व्हायला लागतो.

आणि दर ठरवतानाच लेखी घ्या: काम संपल्यावर उघडी फाइल, सगळे फोटो, वापरलेले फॉन्ट आणि अंतिम पीडीएफ तुम्हाला मिळणार. नंतर मागायला गेलात की फाइल ‘जुन्या संगणकात’ असते आणि पुढच्या वर्षी दोन नव्या पर्स घालायला सगळा कॅटलॉग पहिल्यापासून करावा लागतो, पुन्हा पूर्ण पैसे देऊन.