व्हिजुअल पर्सेप्शनमध्ये पीएचडी करायचीय? अर्ज करताना या चुका टाळा

एमए सायकॉलॉजी केलेल्या मुलामुलींच्या अर्जात एक वाक्य हमखास असतं: ‘लहानपणापासून मला माणसाचं मन समजून घ्यायची ओढ आहे आणि मानसिक आरोग्यासाठी काम करायचं आहे.’ समुपदेशनाच्या अभ्यासक्रमाला हे चालून जाईल. रंगांचं संवेदन मोजणाऱ्या लॅबच्या प्रमुखाने वाचलं, तर अर्ज तिथेच बाजूला पडतो. मानसिक आरोग्याचं त्यांना वावडं नसतं. समोरच्याने आपल्या लॅबचं पान उघडूनही पाहिलेलं नाही, एवढं मात्र त्यांना लगेच कळतं.

व्हिजुअल पर्सेप्शन म्हणजे डोळ्यात शिरलेल्या प्रकाशातून मेंदू रंग, आकार, अंतर आणि हालचाल कशी उभी करतो याचा अभ्यास. विषय मानसशास्त्राचाच, पण त्यातला मोजमापाचा भाग मोठा. 1688 मध्ये विल्यम मॉलिन्यूने तत्त्वज्ञ जॉन लॉकला विचारलं होतं की जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर हाताने ओळखीचे असलेले गोल आणि घन त्याला नुसते पाहून ओळखता येतील का? यावर तत्त्वज्ञांनी रग्गड शाई खर्च केली. एमआयटीच्या पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशने दिल्लीत शस्त्रक्रियेने दृष्टी आलेल्या जन्मांध मुलांवर प्रयोग केले आणि 2011 मध्ये निष्कर्ष छापून आले: हाताने ओळखलेली वस्तू मुलांना नुसती पाहून लगेच जुळवता येत नाही, पण काही दिवसांत येऊ लागतं. प्रश्न भारी असून भागत नाही, तो तपासायचा कसा हे सुचावं लागतं. अर्जांतल्या बहुतेक चुका या एकाच ठिकाणी येऊन अडकतात.

विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका

आपल्याकडे यादी करायची म्हटलं की जागतिक क्रमवारी उघडली जाते. या विषयात तो रस्ता फसवा आहे. जर्मनीतलं गीसेन हे गाव आपल्याकडे कोणाला नकाशावर दाखवता येणार नाही, पण तिथे कार्ल गेगेनफुर्टनर यांचं रंगसंवेदनावरचं आणि रोलंड फ्लेमिंग यांचं पदार्थांच्या संवेदनावरचं काम जगभर वाचलं जातं. (कापड रेशमी आहे की सुती, हे हात न लावता कसं कळतं, असले प्रश्न.) ट्युबिंगन हेही छोटंसंच शहर, आणि या क्षेत्रात मोठं नाव. पीएचडीसाठी अर्ज माणसाकडे आणि प्रश्नाकडे करायचा असतो. ‘जर्नल ऑफ व्हिजन’ हे नियतकालिक सर्वांना मोफत वाचता येतं. त्यातले अलीकडचे, तुम्हाला खरोखर आवडलेले लेख निवडा आणि ते कुठल्या लॅबमधून आले ते बघा. तीच तुमची यादी.

एक अडचण मात्र खरी आहे. सरकारी परदेश शिष्यवृत्तीवर जायचं असेल, तर तिथे क्रमवारीची अट आडवी येऊ शकते. तेव्हा आधी शिष्यवृत्तीचे नियम वाचा, मग लॅब निवडा. जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, नॉर्वे इथे पीएचडी बहुतेक वेळा पगारी नोकरी असते, त्यामुळे तिथे शिष्यवृत्तीवाचूनही जाता येतं. ही गोष्ट माहीत नसल्याने ‘परदेश परवडणार नाही’ म्हणून कित्येक जण अर्जच करत नाहीत.

प्रॅक्टिकलचं जर्नल माळ्यावर टाकू नका

टीवायबीएला म्यूलर-लायरच्या दृष्टिभ्रमाचा प्रयोग बऱ्याच जणांनी केलेला असतो. सरकती पट्टी, दोन्ही टोकांना बाण, आणि दोन रेषा समान दिसेपर्यंत सरकवायचं. काहींनी सीमापद्धतीने उंबरठाही (जेमतेम जाणवणारी तीव्रता) काढलेला असतो. जर्नलवर सही झाली की सगळं विसरायचं, अशी रीत. पण पर्सेप्शनच्या लॅबसाठी तुमच्या अख्ख्या सीव्हीतली हीच ओळ कामाची आहे, फक्त ती ‘प्रॅक्टिकल पूर्ण केले’ अशी लिहून उपयोग नाही.

तोच प्रयोग सायकोपाय या मोफत सॉफ्टवेअरवर उभा करा. पाच-सहा मित्रांना बसवा. रेषेची लांबी बदलत न्या आणि प्रत्येक लांबीला ‘ही जास्त लांब’ असं उत्तर किती वेळा आलं ते मोजा. आलेखावर एस अक्षरासारखी वक्ररेषा मिळेल. ती जिथे 50 टक्के ओलांडते तिथे दोन्ही रेषा त्या माणसाला सारख्या वाटतात, आणि ती लांबी खऱ्या लांबीपासून जितकी दूर तितका भ्रम मोठा. कोड आणि डेटा ओपन सायन्स फ्रेमवर्क या मोफत संकेतस्थळावर ठेवून त्याची लिंक अर्जात द्या. शोध नवा नाही, आणि तसा दावाही करू नका. तुम्हाला प्रयोग करता येतो, याचा तो पुरावा आहे.

हे केलेल्या माणसाकडून दुसरी एक चूक सहसा होत नाही. प्रस्तावात ‘चित्र 20 मिलिसेकंद दाखवले जाईल’ असं बेधडक लिहिलेलं असतं. साधा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा ताजा होतो, म्हणजे एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची. त्यावर 16.7 दाखवता येतील, 33.3 दाखवता येतील. 20 येणार कुठून? 100 हर्ट्झच्या पडद्यावर दोन फ्रेममध्ये बरोबर 20 होतात, पण मग पडदा कोणता ते लिहावं लागतं. तसंच आकाराचं. ‘चित्र 5 सेंटिमीटरचं’ म्हणून काहीच कळत नाही, कारण डोळ्याला कोन कळतो. 57 सेंटिमीटरवरून पाहिलं तर 1 सेंटिमीटर म्हणजे साधारण 1 अंश. म्हणूनच अनेक लॅबमध्ये हनुवटी टेकवायचा स्टँड पडद्यापासून बरोबर 57 सेंटिमीटरवर ठेवलेला दिसतो. वाचणारा असल्या तपशिलांवरूनच माणूस जोखतो.

ईमेल: पाल्हाळ नको, प्रश्न हवा

‘रिस्पेक्टेड सर’ म्हणून सुरुवात आणि समोर बाई, हा प्रकार अजून चालू आहे. एकच पत्र 40 जणांना गेल्याचं त्यावरूनच कळतं. ‘तुमचं संशोधन मला फार प्रेरणादायी वाटलं’ हे वाक्य कोणालाही पाठवता येतं, म्हणून ते कोणालाच लागू पडत नाही.

त्याऐवजी, मराठीत मांडायचं तर, असं काही: ‘तुमच्या क्राउडिंगवरच्या लेखात रोमन अक्षरं वापरली आहेत. देवनागरीत शिरोरेषा अक्षरांना जोडते आणि मात्रा वर-खाली येतात. शिरोरेषा काढली तर नजरेच्या कडेला अक्षर ओळखणं सोपं होईल का? सहा जणांवर केलेल्या छोट्या चाचणीचा आलेख सोबत आहे.’ क्राउडिंग म्हणजे नजरेच्या कडेचं अक्षर एकटं असताना ओळखू येणं, पण शेजारी दुसरी अक्षरं आली की त्यांच्यात हरवणं. शेजारचं अक्षर किती दूर हवं याचा ठोकताळा बौमाने 1970 मध्ये दिला: नजरेच्या केंद्रापासून जेवढं अंतर, त्याच्या साधारण निम्मं. हे पत्र चार ओळींचं आहे आणि उत्तर द्यावंसं वाटेल असं आहे. आपली लिपी हे इथे भांडवल आहे, ते वापरा. बंगळुरूच्या आयआयएससीत एस. पी. अरुण यांच्या लॅबने तेलुगू आणि मल्याळम वाचकांवर असेच प्रयोग केले आहेत.

उत्तर आलं नाही तर? दोन आठवड्यांनी एक आठवण पाठवा, एकच. तरीही शांतता असेल, तर त्याच लॅबमधल्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला विचारा की यंदा जागा आहे का. ते बहुधा खरं सांगतात, आणि गाइड माणूस म्हणून कसा आहे तेही सांगतात.

पैसे भरून छापलेला पेपर

सीव्ही भरायला दोन-तीन हजार भरून कुठल्यातरी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिकात पेपर टाकू नका. नसता तर बरा, अशी त्याची किंमत होते. याच माळेतली ऑनलाइन पीएचडी: परदेशी संस्थेशी करार दाखवून एडटेक कंपन्या देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा यूजीसी आणि एआयसीटीईने 2022 मध्येच दिला आहे.

मुलाखतीत अडखळण्याची जागा

‘अंधुक ठिपका असताना हा माणूस 90 टक्के वेळा “दिसला” म्हणाला. त्याची नजर चांगली आहे का?’ असा प्रश्न आला की होकार देऊन मोकळे होऊ नका. उलट विचारा: ठिपका नसताना तो किती वेळा ‘दिसला’ म्हणाला? तेव्हाही 90 टक्के असेल, तर त्याला काहीच दिसत नव्हतं, तो नुसता हो म्हणत होता. संवेदनक्षमता आणि उत्तर देण्याची सवय वेगळी काढणं, हा सिग्नल डिटेक्शनचा गाभा. तेवढं एक प्रकरण तरी हातात कागद-पेन घेऊन सोडवून जा.

नियमांत अडकणारे

भारतात करायची असेल, तर जून 2024 पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांवर पीएचडी प्रवेश देण्याची पद्धत सुरू झाली आहे. निकाल तीन गटांत लागतो: जेआरएफसह (म्हणजे संशोधनवृत्तीसह), सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी, आणि फक्त पीएचडी. शेवटच्या दोन गटांचे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात आणि त्यांना 70 टक्के वजन असतं, उरलेलं 30 मुलाखतीला. ‘नेट निघालंय, बघू सावकाश’ म्हणणाऱ्यांचं वर्ष असंच जातं. शिवाय सायकॉलॉजी विभाग एवढाच शोधू नका. प्रयागराजचं सेंटर ऑफ बिहेवियरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस, कानपूर आणि गांधीनगर आयआयटींतलं कॉग्निटिव्ह सायन्स, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट, या ठिकाणी हा विषय वेगळ्या पाटीखाली चालतो. प्रवेशाचे नियमही प्रत्येकाचे वेगळे.

अमेरिकेचे बहुतेक अर्ज डिसेंबरच्या आसपास बंद होतात, म्हणजे पत्रव्यवहार ऑगस्ट-सप्टेंबरात व्हायला हवा. जर्मनीत प्रकल्पाला पैसे मिळाले की जागा निघते, मग महिना कोणताही असो.

मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्क या युरोपीय संघाच्या पगारी पीएचडी योजनेत राष्ट्रीयत्वाची अट नाही, पण भरतीआधीच्या 36 महिन्यांत त्या देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेला उमेदवार बाद होतो. जर्मनीत दोन वर्षं एमएस करून तिथल्याच जागेला अर्ज करणारी आपली मुलं इथे अडकतात. त्यांनी त्याच नेटवर्कमधली नेदरलँड्सची किंवा इटलीची जागा बघावी.

आणि जर्मनीतून ऑफर आलीच, तर ‘टीव्ही-एल ई-13, 65 टक्के’ या ओळीने दचकू नका. टीव्ही-एल ई-13 ही तिथली सरकारी वेतनश्रेणी. पगार पूर्ण वेळेच्या 65 टक्के मिळेल असा त्याचा अर्थ. कागदावर कामाचे तासही 65 टक्केच असतात, पण प्रत्यक्षात काम बहुधा पूर्ण वेळच असतं. करार किती वर्षांचा आहे, तो वाढण्याची शक्यता किती आणि शिकवण्याचे तास किती, हे सही करण्याआधी लेखी विचारून घ्या.