फिर्यादीतला 'लबाडीचा इरादा'

एलएलबी करून जळगाव-धुळ्याच्या कोर्टात फौजदारी काम शिकायला आलात, की आधी भारतीय न्याय संहितेचं कलम 2 निवांत वाचा. बहुतेक जण थेट चोरी-फसवणुकीच्या कलमांवर उडी मारतात आणि 'डिसऑनेस्टली'चा अर्थ बोलण्यातलाच धरून चालतात. बोलण्यात खोटारडा, कामचुकार, शब्द फिरवणारा, सगळेच बेइमान. कलम 2(7) एवढंच विचारतं, की एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी असा इरादा होता का? आणि तीही मालमत्तेची. मालमत्तेचा संबंध नसलेली नुसती थाप इथे बसत नाही. जुन्या दंड संहितेत हे कलम 24 होतं. 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्यांना अजून तेच लागतं.

फिर्यादीत हेच 'डिसऑनेस्टली' मराठीत 'लबाडीच्या इराद्याने चोरून नेली' असं येतं. मोटारसायकल चोरीच्या कागदांत तर ठरलेलंच वाक्य, म्हणून नजर पुढे सरकते. बचावाचा वकील तिथेच थांबतो.

चोरीच्या कलमाखालचे दृष्टान्त सोडू नका. दुरुस्तीचे पैसे थकलेत म्हणून घड्याळजीने घड्याळ तारण म्हणून स्वतःकडे ठेवून घेतलं आणि ते तारण बुडवायला मालकाने गुपचूप उचललं, तर ती चोरी, घड्याळ त्याचं स्वतःचं असूनही! उलट, दुसऱ्याची वस्तू प्रामाणिकपणे आपली समजून नेली तर चोरी नाही.

आपल्या भागात खरा कस लागतो केळीच्या उधारीत. रावेर-यावलकडचा शेतकरी येतो, "वकीलसाहेब, व्यापाऱ्यानं पैसे बुडवले, 420 लावा." फसवणुकीचं ते कलम आता न्याय संहितेत 318(4). पण लबाडी सुरुवातीपासून हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने हृदय रंजन प्रसाद वर्मा खटल्यात 2000 साली स्पष्ट केलंय. म्हणून आधी विचारा: मागच्या कापणीचे पैसे आले होते का? नाव-पत्ता खरा होता का? चेक आधीच बंद पडलेल्या खात्याचा तर नव्हता? व्यवहार वर्षानुवर्षं नीट चालला आणि भाव पडल्यावर व्यापारी अडकला, तर फसवणूक टिकणं कठीण. मग दिवाणी दावाच, माल दिल्यापासून तीन वर्षांच्या आत; उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून. अशिलाला ही तारीख पहिल्याच भेटीत लिहून द्या, कारण पोलीस स्टेशनच्या चकरा मारण्यातच पुष्कळांची मुदत निघून जाते.