पात्राला नाव देताना आणि त्याच्यातलं जनावर शोधताना

पात्र डोक्यात आलं की आधी त्याचं जन्मसाल ठरवा, मग नाव. १९४० च्या आसपासचा माणूस दत्तात्रय किंवा पांडुरंग, त्याची बहीण कुसुम किंवा सुलोचना. १९६५ चे सुनील, संजय, वंदना. १९८५ चे अमोल, सचिन, अश्विनी. २०१५ चे आरव, विहान. सत्तरीच्या आजीचं नाव स्वरा असेल तर वाचक तिथंच अडखळतो. पुण्यात यासाठी लागणारा माल फुकट मिळतो: पेठांतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यापाशी लावलेल्या नावांच्या पाट्या आणि मतदार यादी. यादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि वय शेजारीशेजारी असतं. मात्र पहिलं नाव एका ओळीतून आणि आडनाव दुसऱ्या ओळीतून घ्या, म्हणजे कुणी जिवंत माणूस कथेत सापडणार नाही.

नाव कुणी ठेवलं, हेही लिहून ठेवा. आधीची मुलं दगावलेली असली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडू, दगडू, केरबा अशी नावं ठेवत; त्या एका नावात आईची भीती आहे. मुलगाच हवा असलेल्या घरात मुलीला नकुशी म्हणत. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं जाणारं नाव तर कथाकाराला मिळालेलं घबाड आहे. कुसुमची ‘सौ. वैशाली’ झाली, तर निवेदक तिला कोणत्या नावानं हाक मारतो, यावरूनच तो कुणाच्या बाजूचा आहे ते कळतं. माहेरची माणसं आली की ती पुन्हा कुसुम होते, आणि तेवढ्यापुरता तिचा आवाजही बदलायला हवा.

प्रत्येक मुख्य पात्राच्या चार हाका वहीत काढा. दत्तात्रय जोशी बँकेत ‘जोशीसाहेब’, वाड्यात ‘दत्तू’, बायकोला ‘अहो’, नातवाला ‘आबा’. निवेदनात ‘जोशी आला’ की ‘जोशी आले’, हे पहिल्या पानावर ठरवा. मध्येच ‘आले’चं ‘आला’ झालं तर त्यांचा मान उतरला असाच अर्थ निघतो; तसं हवं असेल तरच करा.

आडनावातून वाचक गाव आणि जात दोन्ही शोधतो. खलनायकाला एकाच समाजाचं ठळक आडनाव दिलं की त्याचे गुण साऱ्या समाजाला चिकटतात. शिंदे, जाधव, पवार, मोरे, गायकवाड ही अनेक समाजांत आढळणारी आडनावं तिथं जास्त सुरक्षित. वाघमारे, कोल्हे, लांडगे, घोरपडे यांच्या नावातच जनावर आहे, म्हणून त्यांचं वागणं रंगवताना वेगळं जनावर घ्या. धूर्त माणसाचं आडनाव कोल्हे ठेवलं की पात्र पहिल्याच ओळीत संपतं. सुनीता, संगीता आणि सुजाता एकाच कथेत नकोत. पहिलं अक्षर आणि शेवटचा स्वर दोन्ही जुळले की वाचक गोंधळतो.

आता जनावर. आपल्याकडे तयार प्रतिमांचा ढीग आहे: गरीब गाय, रंग बदलणारा सरडा, मान डोलावणारा नंदीबैल. त्या तशाच वापरल्या की मेलेल्या असतात; खऱ्या जनावराकडे परत गेलं तर जिवंत होतात. गाय गरीब असेल, पण परका हात लागला की पान्हा चोरते. आता ती घरातली मुकी सून लिहा: सगळी कामं करते, उलट बोलत नाही, आणि सासूनं विचारलेली एक गोष्ट मात्र काही केल्या सांगत नाही. ‘गाय’ हा शब्द कुठंही न लिहिता चित्र पुरं होतं.

पद्धत साधी आहे. मुठा नदीवरची घार अर्धा तास बघा आणि फक्त क्रियापदं टिपा: पंख न हलवता गिरक्या घेते, मान वळवते, एकदम खाली येते, उचलते, थांबत नाही. सात-आठ झाली की त्यातली तीन वाड्यात येणाऱ्या जमिनीच्या दलालाला द्या. ‘तो घारीसारखा होता’ हे कमकुवत. ‘तो चौकात दोनदा फिरला, चहा नको म्हणाला, वरच्या मजल्याकडे बघत राहिला, आणि म्हातारी एकटी दिसताच जिना चढला’ यात घार आहे.

प्रतिमा पात्राच्या जगातली हवी. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी कुणाला ‘बिबट्यासारखा चपळ’ म्हणणार नाही. त्याच्यासाठी बिबट्या म्हणजे रात्री पाणी द्यायला जाताना हातातली बॅटरी आणि गोठ्याला लावलेली जाळी. ती उपमा शहरातल्या पाहुण्याच्या तोंडी शोभते.

माणसांच्या अख्ख्या गटाला जनावर म्हणणं निवेदकाच्या तोंडी कधीच नको. पात्र म्हणालं, तर तो त्या पात्राचा स्वभाव ठरतो.

तीन हजार शब्दांच्या कथेत एका पात्राला एकच जनावर आणि त्याचे दोन-तीन उल्लेख पुरतात: एक उघड, बाकीचे क्रियापदांत लपलेले. शेवटच्या वाचनात ‘सारखा’, ‘जणू’, ‘प्रमाणे’ शोधून अधोरेखित करा. एका पानावर दोनाहून जास्त निघाले, तर जी उपमा काढल्यावर वाक्य अडत नाही ती आधी काढा.