पहिला टेलिस्कोप घेताय? कमी बजेटमध्ये पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही

दिवाळीच्या आसपास दरवर्षी ओळखीतून दोन-तीन फोन येतातच. पाऊस गेलेला असतो, आभाळ स्वच्छ असतं, पोरांनी कुठेतरी शनीचा फोटो बघितलेला असतो आणि घरात टेलिस्कोप घ्यायचं चाललेलं असतं. "पंधरा-वीस हजारात चांगला कुठला, आणि त्यातून फोटो पण काढता आले पाहिजेत." मी पुण्यात बरीच वर्षं गच्चीवरून आकाश बघतोय, त्यामुळे फोनवर जे सांगतो ते इथे एकदा नीट लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी, खोक्यावर "५२५ पट" असलं काही मोठ्या अक्षरात लिहिलं असेल तर तो खोका तिथेच ठेवा. हा आकडा कसा येतो बघा, टेलिस्कोपची फोकल लेंथ (भिंगापासून किंवा आरशापासून प्रकाश एकत्र येतो तिथपर्यंतचं अंतर) ७०० मिमी, त्याला ४ मिमीचा आयपीस (डोळा लावायचं छोटं भिंग) लावला की ७०० भागिले ४ म्हणजे १७५ पट, वर तीन पटीची बार्लो लेन्स लावली की ५२५. गणित बरोबर आहे पण पुढचं भिंग असतं ६० मिमीचं आणि त्याला एवढं झेपत नाही. भिंगाचा किंवा आरशाचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दुप्पट करा, तेवढीच पट कामाची, आणि तीही हवा शांत असेल त्या रात्री. ६० मिमीला १२०. त्यापुढे चित्र मोठं होतं पण अंधारं आणि पुसट होतं. माझा पहिला टेलिस्कोप असाच होता, त्यातून गुरू म्हणजे थरथरणारा पांढरा ठिपका दिसायचा आणि मला वाटायचं शहरातून एवढंच दिसत असणार, त्यात दोन हिवाळे गेले. ते अजून मनाला लागतं, म्हणून हे सगळ्यात आधी सांगतो.

बघायचा असतो तो व्यास. प्रकाश किती गोळा होणार हे व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे ७० मिमीपेक्षा १३० मिमीचा आरसा जवळजवळ साडेतीन पट प्रकाश गोळा करतो. मृगातला तेजोमेघ, कृत्तिकांचा गुच्छ, देवयानीतली दीर्घिका, सगळीकडे हा फरक डोळ्याला कळतो. पण पोरांना आधीच सांगून ठेवा की फोटोतले लाल-निळे रंग दिसणार नाहीत, अंधुक उजेडात आपल्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, त्यामुळे तेजोमेघ राखाडी धुरासारखा दिसतो. आधी माहीत असलं की तोच धूर बघताना अंगावर काटा येतो.

प्रकारांमध्ये फार अडकू नका. भिंगाचा ७०-८० मिमीचा टेलिस्कोप हलका, देखभाल जवळपास नाही, बाल्कनीतून चंद्र आणि ग्रह बघायला मस्त. आरशाचा म्हणजे न्यूटोनियन, यात तेवढ्याच पैशात जास्त व्यास मिळतो पण अधूनमधून आरसे एका रेषेत आणावे लागतात, त्याला कोलिमेशन म्हणतात, पहिल्यांदा अर्धा तास जातो मग पाच मिनिटांचं काम. त्या आरशाच्या नळीला ट्रायपॉडऐवजी गोल फिरणारा लाकडी पाट दिला की झाला डॉब्सोनियन, अमेरिकेत जॉन डॉब्सन यांनी रस्त्यावर लोकांना आकाश दाखवता दाखवता ही रचना लोकप्रिय केली. माझं स्पष्ट मत, कमी बजेटला टेबलावर ठेवायचा ११४ किंवा १३० मिमीचा डॉब्सोनियनच घ्या, आणि बजेट थोडं ताणता येत असेल आणि जिन्याने वर नेणारं कोणी असेल तर सहा इंची. फक्त एक जपा, काही स्वस्त आरशाच्या टेलिस्कोपमध्ये नळी अर्धा मीटरच्या आसपास आणि फोकल लेंथ लिहिलेली १००० मिमी असते. म्हणजे फोकसरच्या (आयपीस बसतो ती आत-बाहेर सरकणारी नळी) आत एक जास्तीची लेन्स बसवलेली आहे, त्यात चित्र सहसा धूसर येतं आणि कोलिमेशन करताना नवख्या माणसाचा जीव जातो. नळीची लांबी आणि फोकल लेंथ साधारण जुळते ना एवढं बघा.

आता स्टँड, आणि इथे मी जरा जास्त बोलणार कारण लोक इथेच फसतात. नळी कितीही चांगली असू दे, स्टँड हलला की संपलं. १०० पटीला नळीची थरथरही १०० पट दिसते, फोकस करायला हात लावला की गुरू नाचायला लागतो आणि बघणारा माणूस कंटाळून खाली निघून जातो. दुकानात किंवा कुणाकडे बघायला मिळाला तर नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि चित्र थांबायला किती वेळ लागतो ते मोजा, दोनेक सेकंदात थांबलं तर ठीक, पाच सेकंद लागत असतील तर सोडून द्या. अॅल्युमिनियमच्या बारीक काड्यांसारख्या पायांचा स्टँड फोटोत छान दिसतो पण गच्चीवरच्या वाऱ्यात उभा राहत नाही.

"इक्वेटोरियल माउंट" हे एका स्टँडचं नाव ऐकून भारी वाटतं. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखला की पृथ्वीच्या फिरण्याबरोबर तारा एकाच नॉबने धरून ठेवता येतो, कल्पना सुंदर आहे. पण ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे पुण्याहून साधारण साडेअठरा अंश, मुंबईहून एकोणीस, आणि एवढ्या खाली समोरची बिल्डिंग असते किंवा धुरकं असतं. दक्षिणेकडच्या बाल्कनीतून तर तो दिसणारच नाही. शिवाय स्वस्तातला इक्वेटोरियल डगमगतोच, त्यापेक्षा वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा भक्कम पाट बरा. १०० पटीला ग्रह दोनेक मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, हाताने हलकं ढकलायचं, दोन रात्रीत सवय होते.

आयपीस सव्वा इंची नळीचेच घ्या म्हणजे पुढे कुठलाही बसतो. सोबत सहसा २५ आणि १० मिमीचे येतात, ६५० फोकल लेंथला ते २६ आणि ६५ पट देतात, पुढे दोन पटीची बरी बार्लो घेतली की १३० पर्यंत जाता येतं आणि वर्षभर दुसरं काही लागत नाही. खोक्यात आयपीसला लावायचा छोटा सूर्य फिल्टर निघाला तर तो फोडून फेका. उष्णतेने तो बघता बघता तडकू शकतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. सूर्यासाठी नळीच्या पुढच्या तोंडावर बसणारा फिल्टरच पाहिजे, आणि तो नसेल तर दिवसा टेलिस्कोप सूर्याच्या जवळपास फिरवायचाच नाही, फाइंडरही (नळीवरची निशाणा धरायची छोटी दुर्बीण) झाकलेला ठेवायचा, लहान मुलं घरात असतील तर हे दोनदा सांगा.

बजेट अगदीच पाच-सात हजार असेल तर टेलिस्कोप नको, १०×५० चा (दहा पट, पुढची भिंगं ५० मिमीची) बायनॉक्युलर घ्या. खुर्चीत रेलून कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवले की गुरूचे चार चंद्र दिसतात, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा हा ताऱ्यांचा गोल गुच्छ दिसतो, आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्यामुळे तो आपल्याला मिळतो, युरोपातल्या बहुतेकांच्या तर तो क्षितिजावर येतच नाही.

आता फोटो. एकाच टेलिस्कोपमध्ये बघणं पण आणि तेजोमेघांचे फोटो पण हा हट्ट या बजेटमध्ये सोडा, त्या फोटोंना लागतो मोटरचा भक्कम इक्वेटोरियल, आणि त्या एका माउंटची किंमत तुमच्या सगळ्या बजेटच्या वर जाते. हिशेब बघा, तारे रेघ न होता फोटो किती सेकंद घेता येईल ते ५०० भागिले फोकल लेंथ, क्रॉप सेन्सर (कॅमेऱ्यातला लहान आकाराचा सेन्सर) असेल तर फोकल लेंथ आधी दीडने गुणायची. १८ मिमीच्या किट लेन्सला १८ सेकंद मिळतात, ६५० मिमीच्या टेलिस्कोपला जेमतेम अर्धा सेकंद. म्हणून आकाशगंगेचे फोटो टेलिस्कोपमधून नाहीतच, कॅमेरा किंवा फोन साध्या ट्रायपॉडवर लावून काढा. मार्च-एप्रिलच्या पहाटे किंवा मे महिन्यात मध्यरात्री, वृश्चिकाच्या शेपटीकडे तोंड करून, वीस-तीस फोटो घ्यायचे आणि सिरिल किंवा डीप स्काय स्टॅकर या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे, दोन्ही फुकट आहेत.

टेलिस्कोपमधून सुरुवात चंद्राने करा. फोन आयपीसला धरणारा क्लॅम्प काही शे रुपयांत मिळतो, फोकस चंद्राच्या कडेवर, एक्स्पोजर बोटाने खाली ओढायचं, तीन सेकंदांचा टायमर लावायचा म्हणजे हात लागून हलत नाही. ग्रहांचा मात्र फोटो नाही, व्हिडिओ घ्या. गुरूचा दीड-दोन मिनिटांचा व्हिडिओ पुरे, तो दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो त्यामुळे जास्त लांबवला तर पट्टे पुसले जातात. मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरला तो द्यायचा, हजारो फ्रेममधून चांगल्या निवडून तो एक चित्र बनवतो, आणि पहिल्यांदा स्वतःच्या व्हिडिओतून गुरूचे पट्टे वर येताना दिसतात ना, तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. डीएसएलआर लावायचा विचार असेल तर आधी विचारून घ्या, बऱ्याच छोट्या न्यूटोनियनमध्ये फोकसर पुरेसा आत जात नाही आणि कॅमेऱ्यात फोकसच येत नाही, मध्ये बार्लो लावली तर बहुतेक वेळा येतो. शनीबद्दलही सांगून ठेवतो, २०२५ मध्ये त्याच्या कड्यांची कड आपल्याकडे होती, आता त्या हळूहळू उघडतायत, त्यामुळे जुन्या फोटोंसारख्या रुंद दिसल्या नाहीत तर दोष तुमच्या टेलिस्कोपचा नाही.

कधी बघायचं ते भिंतीवरच्या कालनिर्णयातच आहे. शुद्ध पंचमी ते दशमी चंद्र, तेव्हा सावल्या लांब असल्याने विवरं उठून दिसतात, पौर्णिमेला सगळं सपाट. अमावस्येच्या आसपासच्या रात्री तेजोमेघ आणि गुच्छांसाठी. उन्हाळ्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो आणि रात्री त्याची हवा वर येत राहते, ग्रह उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखे दिसतात, म्हणून उशिरा बसा आणि टेलिस्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा. खिडकीच्या काचेतून तर बघूच नका. फाइंडर मात्र दिवसाउजेडी लांबच्या मोबाइल टॉवरवर जुळवून ठेवा, सूर्य पाठीशी असताना.

आणि पैसे देण्याआधी एकदा तरी दुसऱ्याच्या टेलिस्कोपमधून बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईकडचं खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम करतं, तिकडे वेगवेगळ्या टेलिस्कोपला डोळा लावायला मिळतो आणि सेकंडहँड कोण विकतंय हेही कळतं. जुना घेताना टॉर्च तिरका धरून आरशावर बुरशीची जाळी आहे का बघा, धूळ चालते, बुरशी नाही. घेतल्यावरही तीच काळजी, जून ते सप्टेंबर ओल लागते, दोन्ही टोकांना झाकणं लावायची, सिलिका जेलच्या पुड्या आत टाकायच्या आणि दर पंधरा दिवसांनी बदलायच्या. आरसा रुमालाने पुसायचा नाही, कितीही हात शिवशिवला तरी.