एसीचा गॅस भरण्याआधी केबिन फिल्टर बघा. या चुका टाळा

मार्च लागला की नाशिकच्या गॅरेजांत एकच तक्रार: "एसी चालत नाही." त्यावर ठरलेलं उत्तर: "गॅस कमी झालाय, भरून टाकू." पहिली चूक इथेच होते.

ब्लोअर फुल करा आणि जाळीसमोर हात धरा. हवा जोरात येतेय पण गार नाही, तर गॅस, कॉम्प्रेसर, कंडेन्सर यांच्याकडे बघायचं. हवा गार आहे पण जेमतेम येते, ब्लोअरचा नुसता आवाजच मोठा, तर गॅस भरून काही उपयोग नाही. केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत आत येणारी हवा गाळणारा फिल्टर, काढा (कसा ते शेवटी सांगितलंय) आणि त्याच्याशिवाय मिनिटभर ब्लोअर चालवा. हवेचा जोर एकदम वाढला तर दुखणं सापडलं. आणि गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही, बंद सर्किटमध्ये फिरत राहतो. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरला तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल.

आणखी एक लक्षण फसवतं. मुंबईहून येताना कसाऱ्यापर्यंत एसी झकास, घाट चढून इगतपुरीला पोचेतो हवा जवळजवळ बंद. चहाला थांबून निघालं की पुन्हा सुरळीत. फिल्टर चोंदला की कूलिंग कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलवर बर्फ धरतो आणि आहे ती वाटही बुजते. गाडी थांबली की बर्फ वितळतो. याला इतर कारणंही असतात, पण फिल्टर बघायला पाच मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

बिलातला ‘एअर फिल्टर’ कोणता?

बॉनेटखालचा एअर फिल्टर इंजिनसाठी, केबिन फिल्टर तुमच्या नाकासाठी. सर्व्हिसच्या बिलावर ‘एअर फिल्टर बदलला’ एवढंच वाचून समाधान मानू नका. कोणता बदलला ते विचारा आणि जुना दाखवायला सांगा. काही जुन्या आणि बेस मॉडेलच्या गाड्यांत केबिन फिल्टर बसवलेलाच नसतो, तेव्हा मॅन्युअल चाळलेलं बरं.

फक्त किलोमीटर मोजू नका

कंपन्या साधारण १०,००० ते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात, आणि धुळीच्या भागात त्याआधी. आपण धुळीच्या भागातच मोडतो. सिंहस्थाच्या तोंडावर खोदकामं, अंबड-सातपूरची ट्रकची वर्दळ, द्वारका चौकातला खोळंबा. तिथे गाडी उभी असली तरी ब्लोअर धूळ ओढत असतो, मीटर मात्र हलत नाही.

माझ्या मते बदलायची खरी वेळ पावसाळा संपल्यावर. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात फिरलेला फिल्टर महिनोन्‌महिने दमट राहतो, त्यात पानांचा चुरा अडकतो आणि बुरशी धरते. एसी लावताच पहिल्या मिनिटाला येणारा कुबट वास बहुधा त्याचाच. दसऱ्याला गाडी धुऊन पुसून हार घालतोच, त्याच आठवड्यात फिल्टरही बदला. मग मार्चमध्ये एकदा काढून बघा. घड्यांच्या तळाशी राखाडी थर बसला असेल तर पुन्हा बदला.

दिंडोरी, पिंपळगावकडे रोज जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगायला हवं. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांवर फवारण्या सुरू होतात. साधा फिल्टर धूळ अडवतो, औषधाचा वास नाही. कार्बनचा, म्हणजे करड्या-काळ्या रंगाचा फिल्टर वास बराच कमी करतो, पण त्यावर विसंबू नका. फवारणी चाललेल्या बागेजवळून जाताना काचा वर घ्या आणि हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण दाबा. कार्बन महाग म्हणून तोच दोन वर्षं चालवणारे पुष्कळ. वास शोषायची त्याची ताकद दिसायला स्वच्छ असतानाच संपते, त्यामुळे तो हिशेब फसतो. मातीच्या रस्त्यावर जास्त फिरणं असेल तर साधाच घ्या आणि लवकर लवकर बदला.

झटका, पण धुऊ नका

पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपनं फिल्टर ‘साफ’ करणं ही आपली लाडकी काटकसर. त्या दाबानं धागे विस्कटतात आणि बारीक धूळ मग थेट आत येते. पाण्यानं धुतलेला फिल्टर वाळला तरी पूर्वीसारखा धूळ धरत नाही. वरची पानं-काडी झटकणं ठीक, त्यापलीकडे नवा आणा. त्यावर अत्तर किंवा परफ्यूम शिंपडणं तर नकोच.

बसवताना

बहुतेक गाड्यांत तो डाव्या सीटसमोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. इग्निशन बंद करा. विमा, पीयूसी, टोलच्या जुन्या पावत्या असं सगळं बाहेर काढा. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की अडकण सुटतं. बाजूला दांडी किंवा दोरी असेल तर ती आधी सोडवा, ओढाल तर तुटेल. मागे आडवं प्लास्टिकचं झाकण दिसेल, त्याच्या क्लिपा दाबून फिल्टर सरळ बाहेर ओढा. वाकडा केलात तर कचरा खाली ब्लोअरच्या पंख्यात पडतो आणि चालू करताच टकटक सुरू होते. रिकामी खाच व्हॅक्यूमनं किंवा ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

बाणाशी सगळे गोंधळतात. बाणाशेजारी ‘एअर फ्लो’ लिहिलं असेल तर तो हवा जाते त्या दिशेला हवा. ‘अप’ लिहिलं असेल तर बाण वर. जुन्याचा फोटो काढून तसाच नवा बसवायचा, तर जुना आधी कोणी उलटा बसवलेला असू शकतो. म्हणून बाहेरची हवा ज्या बाजूनं येते तीच बाजू मळलेली आहे ना, तेही बघा. नवा फिल्टर मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्या. कडेला बोटभर फट राहिली तर धूळ तिथूनच येणार.

नवा टाकूनही कुबट वास राहिला तर कॉइल साफ करून घ्या आणि एसीच्या पाण्याचा पाइप तुंबलाय का ते तपासा. डाव्या सीटखालचं मॅटिंग ओलं असेल तर पाइपचीच शंका जास्त. वास गोडसर असेल आणि समोरच्या काचेवर आतून चिकट थर धरत असेल, तर हीटरमधून कूलंट गळतंय. तिथे फिल्टर बदलत बसू नका, गाडी मेकॅनिककडे न्या.